पिल्लांचे चालू खाते

मराठीतले ‘पाळणे’ हे क्रियापद मोठे फसवे आहे. माणूस शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो, एकादशी पाळतो. कुत्रेही पाळतो आणि पोपटही पाळतो. यातले पहिले चार प्रकार मध्यमवर्गीय माणसाच्याने फार दिवस पाळवत नाहीत आणि शेवटचे दोन त्याची सोसायटी त्याला पाळू देत नाही. आम्हा बँकवाल्यांचे तर विचारूच नका. आम्ही फक्त सुट्ट्या पाळतो, आणि त्या मात्र निष्ठेने पाळतो.

पण या क्रियापदाच्या पोटात एक ‘पाळणा’ लपलेला आहे, हे व्याकरणाच्या मास्तरांनी आम्हाला कधी सांगितले नाही. काहीही पाळायला घ्या, आज ना उद्या त्याचा पाळणा हलवावा लागतो.

आता कुत्रा पाळण्यात एक प्रतिष्ठा आहे. “आमच्याकडे अल्सेशियन आहे” असे सांगताना माणसाची छाती कुत्र्याच्या छातीइतकी फुगते. मांजर पाळावे लागत नाही. तेच आपल्याला पाळते. मासे पाळले तर पाहुण्यांना दाखवता येतात. पण “आमच्याकडे कोंबडीची पिल्ले आहेत” असे चारचौघांत सांगून बघा. ऐकणारा हमखास एकच प्रश्न विचारतो, “मग कधी येऊ जेवायला?” जगात दुसरा कुठला पाळीव प्राणी असा नाही की ज्याची चौकशी करताना लोक त्याच्या तब्येतीऐवजी त्याच्या रश्शाची करतात.

आमच्या घरी ती आली २०२३ सालच्या दिवाळीनंतर. आम्ही कराडला एका तीन मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. वर राहण्याचा एकच फायदा म्हणजे गच्ची. आई आणि आमची सहावीतली कन्या आठवडी बाजाराला मेथी आणायला म्हणून गेल्या आणि दीड तासाने परतल्या त्या एक भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके घेऊन. खोक्यातून आमच्या लंच टाइमला काउंटरपुढे होतो तसा गलका चालला होता. झाकण उघडले तर आत सहा पिल्ले. दोन गुलाबी, दोन हिरवी, एक केशरी आणि एक निळे. होळीला अजून चार महिने अवकाश होता, पण यांची रंगपंचमी होऊन गेली होती.

“केवढ्याला?” मी बँकेच्या सवयीने विचारले.

“साठ रुपयांना सहा,” कन्या म्हणाली.

“मेथी वीस रुपये जुडी म्हणत होता मेला,” आईने खुलासा केला. म्हणजे तीन जुड्यांच्या किमतीत सहा जीव. हिशेब बिनतोड होता. शिवाय वडील २०२१ साली गेल्यापासून आई बाजारातून स्वतःच्या मनाने काही घेऊन आली, असे पहिल्यांदाच घडत होते. त्यामुळे मी ते व्हाउचर विनातक्रार पास केले.

सौ.ने मात्र हरकत नोंदवली. “अहो, ही घरात राहणार असतील तर मी माहेरी जाते.” लग्नाला अठरा वर्षे झाली. माहेर आता वहिनींच्या ताब्यात आहे आणि नांदेडला जायचे म्हणजे आधी रिझर्व्हेशन मिळायला हवे. त्यामुळे धमकीवर पुढची कार्यवाही झाली नाही. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात डोकावलो तर हीच बाई पिल्लांसाठी कोथिंबीर चिरत होती, आणि तीही इतकी बारीक, की आमच्या पोह्यांवर अठरा वर्षांत कधी पडली नाही.

पहिली अडचण उबेची. कोंबडीच्या पिल्लाला पहिला आठवडाभर साधारण पस्तीस अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची, असा हिशेब असतो. घसारा काढण्याची ही पद्धत मला लगेच समजली. पण कोंबडी ज्या कामासाठी नुसती पंख पसरून बसते, त्या कामासाठी माणसाला इलेक्ट्रिकच्या दुकानात जावे लागते. तिथे गेलो तर दुकानदार एल.ई.डी. काढून दाखवू लागला. एल.ई.डी.चा दिवा हा आदर्श सरकारी योजनेसारखा असतो. प्रकाश भरपूर, ऊब नाही. मला हवा होता जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब, जो पूर्वी प्रत्येक घराच्या न्हाणीघरात लोंबकळत असे. चौथ्या दुकानात माळ्यावरून धूळ झटकून तो निघाला. दुकानदाराने विचारले, “पिल्लं आणलीत वाटतं?” म्हणजे आता या बल्बाचे गिऱ्हाईक तेवढेच उरले असावे.

डाळीच्या रिकाम्या खोक्यात जुने पोते अंथरले. वर्तमानपत्र अंथरू नका असे सांगणारे भेटले होते. त्याच्यावर पिल्लांचे पाय घसरतात आणि फाकतात. वर बल्ब टांगला. ऊब बरोबर आहे की नाही हे बघायला थर्मामीटर लागत नाही, पिल्लेच सांगतात. सगळी बल्बाखाली एकमेकांच्या उरावर बसली तर थंडी आहे. सगळी कोपऱ्यात जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडते आहे. खोकेभर पांगून आपापल्या उद्योगाला लागली की समजावे, तापमान योग्य आहे. आमच्या ब्रँचमधला ए.सी. लावण्यापूर्वी ही पद्धत कोणी वापरली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळे पिल्लू उठले नाही.

कन्येने शाळेच्या गणवेशातच बसकण मारली. “आजी, त्याला काय झालं?” आईने त्याला तळहातावर घेतले, जरा वेळ बघितले आणि म्हणाली, “त्याची शिदोरी संपली गं.” मला वाटले, आई आपली समजूत काढते आहे. पण गोष्ट अक्षरशः खरी असते. एकवीस दिवस अंड्यात काढल्यावर, बाहेर पडायच्या थोडे आधी, पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय काढू शकते. म्हणून तर अमेरिकेत १९१८ सालापासून एक दिवसाची पिल्ले चक्क पोस्टाच्या पार्सलने पाठवतात आणि ती पोचतात. आमच्याकडचे पिल्लू हातगाडीवर शिदोरी संपवून आले होते, आणि शिदोरी संपेपर्यंत ते दाणा टिपायला शिकलेच नव्हते. आईने गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या पिंपात त्याला पुरले. त्या दिवशी शाळा बुडाली.

उरलेल्या पाचांना मग आईने शिकवले. कोंबडी चोचीने जमिनीवर टोचून पिल्लांना दाणा दाखवते. आई तर्जनीने टोचून दाखवी. तोंडाने ‘टक् टक् टक्’ असा काहीसा आवाज काढी. पाची पिल्ले धावत येऊन बोटाच्या आजूबाजूला टोचू लागत. पाणी पाजताना एकेकाची चोच हलकेच वाटीत बुडवायची. मग त्याने एक घोट घेऊन मान वर करायची. कोंबडीला गिळण्यासाठी मान वर करावी लागते. पण दिसते असे, की प्रत्येक घोटागणिक देवाचे आभार मानले जात आहेत. आमच्या घरात जेवताना देवाची आठवण इतक्यांदा कोणी काढत नाही.

या दिवसांत आई पाचला उठू लागली. आधी ती आठ वाजले तरी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

पिल्ले पांगून आपापल्या उद्योगाला लागली, तशी मला ती ओळखीची वाटू लागली. पंचवीस वर्षे एकाच बँकेत काढलेल्या माणसाला जगात दुसरे काही दिसतच नाही. दोन-चार दिवसांत त्यांना नावे पडली.

मॅनेजर गुलाबी होता. बल्बाच्या बरोबर खालची जागा त्याची. तिथे दुसरे कोणी झोपले असले तर तो बिनदिक्कत त्याच्या डोक्यावरून चालत जाऊन मधे बसे. तिथे बसल्यावर तो काय करी? काही नाही. म्हणूनच मॅनेजर.

ऑडिटर हिरवा. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे एखादी गोष्ट नीट बघायची तर तिला मान वाकडी करून एकाच डोळ्याने बघावे लागते. सगळीच पिल्ले असे करतात, पण ऑडिटर दाण्याकडे ज्या संशयाने बघे, तो संशय मी दर मार्चअखेर अनुभवला आहे. उजव्या डोळ्याने तपासून झाले की डाव्याने फेरतपासणी. तोवर दाणा दुसऱ्या कोणी खाल्लेला असे. मग रिकाम्या जागेची तपासणी.

युनियन लीडर केशरी. बाकीचे चार जण दोन वीत लांब गेले की हा मान उंच करून अशी काही ठणाणा चिवचिव सुरू करी, की खालच्या मजल्यावरचे लोक खिडकीत येत. चौघे परत आले की तत्काळ शांत. मागणी काय होती, हे शेवटपर्यंत कळत नसे.

शिपाई दुसरा हिरवा. खोक्याचे झाकण उघडले की पहिला बाहेर, आणि नंतर जेव्हा हवा असेल तेव्हा जागेवर नाही.

आणि कर्जदार. हा दुसरा गुलाबी. पाची पिल्लांसमोर मूठभर कणी एकाच ताटलीत पडलेली असे. सगळे शेजारी शेजारी उभे राहून खात असत. इतक्यात कर्जदाराला शेवयाचा एक तुकडा सापडे. तो तिथेच गिळावा की नाही? छे! तो चोचीत धरून कर्जदार जिवाच्या आकांताने पळत सुटे. त्याला पळताना बघून बाकीचे चौघे भरली ताटली सोडून त्याच्या मागे. गच्चीला चार प्रदक्षिणा होत. त्या धामधुमीत शेवई कर्जदाराकडून शिपायाकडे, शिपायाकडून मॅनेजरकडे जाई आणि अखेर कुणाच्या पोटात गेली हे ऑडिटरलाही कळत नसे. वसुलीच्या कामाला मी अनेकदा बाहेरगावी गेलो आहे. हा प्रकार मला नवा नव्हता.

झोपण्याची तऱ्हा तर विलक्षण. चालता चालता पिल्लाचे डोळे मिटू लागतात, मान हळूहळू खाली येते, चोच जमिनीला टेकते आणि ते उभ्याउभ्याच गडगडते. पाय एकीकडे, पंख एकीकडे. पहिल्यांदा हा प्रकार पाहून सौ.ने किंकाळी फोडली. किंकाळीने पिल्लू दचकून उठले, चार पावले चालले आणि पुन्हा गडगडले. दुपारच्या जेवणानंतर तीन ते चारच्या दरम्यान आमच्या कर्ज विभागात कोणीही येऊन बघावे.

हे सगळे मी ब्रँचमध्ये रंगवून सांगत असे. एकदा आमच्या नव्या भरतीतल्या एका पोराने मोबाइलवर शोधून मला एक बातमी दाखवली आणि माझी झोप उडवली. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली तीन-चार दिवसांच्या पिल्लांची अंकगणिताची परीक्षा घेतली होती. पाच एकसारख्या वस्तूंसोबत पिल्लू वाढवायचे, म्हणजे ते त्यांनाच आपले गणगोत समजू लागते. मग त्याच्या डोळ्यांदेखत काही वस्तू एका पडद्याआड आणि उरलेल्या दुसऱ्या पडद्याआड ठेवायच्या, नंतर त्यातल्या काही इकडून काढून तिकडे न्यायच्या. पडद्यामागचे शेवटी काहीच दिसत नसते. तरी पिल्लाला सोडले की ते बहुतेक वेळा जास्त वस्तू असलेल्या पडद्याकडेच जाते. म्हणजे जमा आणि नावे, दोन्ही मनातल्या मनात! मी बी.कॉम. सेकंड क्लास. मला सत्तावीस अधिक अडतीस करायला कॅल्क्युलेटर लागतो, आणि तो सापडला नाही तर मी “सर्व्हर डाउन आहे” असे सांगतो.

तेव्हापासून कणी टाकताना मी पाचांच्या नजरेला नजर देत नसे.

कोंबड्यांच्या राज्यात टोचण्याची ज्येष्ठता यादी असते हेही त्याच पोराने सांगितले. अमक्याने तमक्याला टोचायचे, तमक्याने त्याच्या खालच्याला, असा क्रम ठरलेला असतो. थॉर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने हा क्रम १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जगापुढे मांडला. त्याचे नाव उच्चारण्यापेक्षा त्याचा सिद्धांत समजणे सोपे आहे, निदान ज्याने नोकरी केली आहे त्याला. आमच्या गच्चीवर मॅनेजर ऑडिटरला टोची, ऑडिटर युनियन लीडरला, लीडर कर्जदाराला, आणि शिपाई शेवटी माझ्या पायाच्या अंगठ्याला. यादीत माझे स्थान कुठे आहे, ते मला समजले.

आईला मात्र कोणी टोचत नसे. ती गच्चीवर बाजेवर बसली की पाची जण तिच्या पदराखाली शिरत. तिथून फक्त पाच चोची बाहेर. पिल्लू पहिल्यांदा ज्याच्या मागे लागते त्याला आई मानते, या प्रकाराचा अभ्यास करून कोनराड लॉरेन्झ नावाचा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. त्याच्या मागे हंसाची पिल्ले फिरत. आमच्या आईच्या मागे रंगीत पिल्ले फिरत आणि त्याबद्दल तिला पारितोषिक नव्हते, उलट फरशी पुसावी लागे. पण ती त्यांच्याशी दिवसभर बोलत असे. काय बोलत असे ते ऐकायला मी एकदा जिन्यात थांबलो. वडिलांना चहा कसा लागायचा, ते ती ऑडिटरला सांगत होती. ऑडिटर मान वाकडी करून, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने, सगळे तपासून घेत होता.

सातव्या दिवशी लस. कोंबड्यांच्या मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, पहिल्या आठवड्यातच लसीचा एक थेंब डोळ्यात घालतात. कुपीत मात्र शंभरएक पिल्लांपुरती लस असते, आणि एकदा कालवली की ती उद्यावर ठेवता येत नाही. त्यामुळे पाच पिल्लांसाठी कुपी फोडायला गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तयार होईनात. “वाडीवरची पिल्लं आली की फोन करतो,” म्हणाले. फोन आला तेव्हा माझा नंबर एका म्हशीच्या मागे लागला. म्हशीच्या मालकाने खोक्यात डोकावून पाहिले. “साहेब, ही काय जात म्हणायची?” मी म्हटले, “रंग दिलाय.” तो जरा विचार करून म्हणाला, “मग रंग उडाला की कळंल.”

रंग उडाला आणि कळले. तीन-चार आठवड्यांत खरी पिसे फुटली. गुलाबी, हिरवा, केशरी हळूहळू ओसरत जाऊन पाची जण पांढरेशुभ्र झाले. मग डोक्यावर तांबडे तुरे दिसू लागले. कन्येने एव्हाना अंड्यांच्या विक्रीचा तक्ता केला होता. म्हशीच्या मालकाला मी तुऱ्यांची बातमी रस्त्यात सांगितली तर तो हसला. “अहो, गाडीवरचं पिल्लू नरच असायचं. मादी कोण दहा रुपयांत विकंल?”

त्याचे म्हणणे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला पटण्यासारखे होते. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीची मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. नर अंडी देत नाही, आणि मांसासाठीच्या जातीसारखा सहा आठवड्यांत दोन किलोही भरत नाही. म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी वर्गवारी होते. पिल्लू उचलून शेपटीखाली एक नजर टाकायची आणि नर की मादी सांगायचे, ही विद्या जपान्यांनी जगाला दिली. सरावलेला माणूस तासाला हजाराच्या घरात पिल्ले वेगळी करतो. मादी खोक्यात जाते. नर बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मारून टाकतात. जर्मनीने २०२२ च्या जानेवारीपासून यावर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे त्यातले काही रंगाच्या बादलीतून हातगाडीवर येतात.

ताळेबंद म्हणून यात काही चूक काढता येणार नाही. जे उत्पन्न देत नाही त्याला चारा घालत बसू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवले होते. पण त्या रात्री मला एक आकडा सतावू लागला. बँकेत कर्जदाराने हप्ता थकवला तर आम्हीसुद्धा त्याला नव्वद दिवस देतो. नव्वद दिवस उलटले की मग खाते अनुत्पादक ठरवतो. त्यानंतरही नोटिसा, तडजोड, फेररचना चालूच असते. बुडीत म्हणून लिहून टाकायला वर्षे लागतात, आणि एवढे करून काही कर्जदार सुखाने परदेशी राहतात. पिल्लाला मात्र मुदत एका दिवसाची. आमच्या पदराखालची पाचही खाती उघडल्या दिवशीच बुडीत धरली गेली होती, आणि या घटकेला ती आईच्या बाजेखाली ओळीने झोपून शिस्तीत व्यवहार करत होती.

नव्वद दिवस भरले फेब्रुवारीत, आणि नेमक्या त्याच सुमारास मॅनेजर आरवला.

पहिला प्रयत्न दयनीय होता. दमेकरी माणसाने फाटका भोंगा फुंकावा तसा. मॅनेजरलाही त्याचे आश्चर्य वाटले असावे. तो स्वतःच मागे वळून बघत होता. आठवडाभरात आवाज सुधारला. मग रोज पहाटे साडेचारला आधी मॅनेजर, त्याच्या पाठोपाठ ऑडिटर, मग लीडर, मग कर्जदार, आणि सगळ्यांचे झाल्यावर शिपाई. हा क्रम चुकत नसे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली हेच दाखवून दिले आहे: कळपातला सर्वांत वरिष्ठ कोंबडा आधी आरवतो, बाकीचे हुद्द्याप्रमाणे वाट बघतात. आमच्या झोनल मीटिंगचे इतिवृत्त त्यांना कुठे मिळाले कोण जाणे.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही अशी म्हण आहे. आम्ही झाकून पाहिले. वर डालगे, डालग्यावर पोते, पोत्यावर कन्येची जुनी दुलई. तांबडे फुटलेच, आणि त्याच्याआधी सोसायटीचे अध्यक्ष फुटले. पत्र आले, “आपल्या गच्चीवरील पक्षी तीस दिवसांत हलवावेत.” तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी तेवढी त्यावर सही केली नव्हती. म्हणाले, “चाळीस वर्षं मुलांना ‘पहाटे उठा’ सांगत आलो. एकही उठला नाही. ह्या पाच जणांनी सगळी इमारत उठवली.”

कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानदाराला हा सुगावा लागला. तो स्वतः गच्चीवर आला, कर्जदाराला उचलून हातात तोलले आणि वजनावर भाव सांगितला. भाव चांगला होता. साठ रुपयांच्या गुंतवणुकीवर असा परतावा आमच्या कुठल्याच ठेव योजनेत मिळत नाही. मी आईकडे बघितले. आईने कर्जदाराला त्याच्या हातातून काढून घेतले आणि म्हणाली, “बस, चहा टाकते.” त्याने चहा घेतला. भावाचा विषय परत निघाला नाही.

शेवटी पाटण तालुक्यातला मामेभाऊ कामाला आला. त्याची डोंगरउतारावर शेती आहे, कोंबड्या आहेत. पाच कोंबडे एकत्र ठेवले तर झुंजतात, म्हणून दोन आपल्याकडे आणि तीन वस्तीवर वाटून देऊ, असे त्याने सांगितले. “पण दादा, तू काळजी करू नको. तुझी ठेव समज.” मी म्हटले, “ठेव मुदतपूर्व मोडायची नाही.” तो मोठ्याने हसला. आई हसली नाही. टेम्पो निघताना तिने खोक्यावर हात ठेवून टक् टक् टक् असा आवाज केला. आतून पाचही जणांनी उत्तर दिले.

चैत्रात तिकडची यात्रा झाली. यात्रेनंतर चारेक दिवसांनी मामेभावाचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, “आत्या, वाईट वाटून घेऊ नका. वस्तीवरचे दोघं मुंगसानं नेले.”

“कधी रे?” आईने विचारले.

“यात्रेच्या दुसऱ्या दिवशी.”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मुंगसाकडं पाहुणे फार आले असतील.”

पलीकडून कितीतरी वेळ आवाज आला नाही. कोणते दोघे, हे आईने विचारले नाही. फोन ठेवून ती गच्चीवर गेली आणि कढीपत्त्याच्या पिंपाला पाणी घालून आली.

मॅनेजर, ऑडिटर आणि कर्जदार मात्र आहेत. मॅनेजरच्या हाताखाली आता सात कोंबड्या असून तो अजूनही काही करत नाही. रविवारी संध्याकाळी मामेभाऊ व्हिडिओ कॉल लावतो आणि मोबाइल अंगणात नेतो. आई इकडून टक् टक् टक् करते. कर्जदार ऐकून न ऐकल्यासारखे करून पळतो. कर्जदार फोन कधी घेत नाहीत. ऑडिटर तेवढा जवळ येतो, मान वाकडी करतो आणि पडद्यावरच्या आईला आधी एका डोळ्याने तपासतो, मग दुसऱ्या. आई त्याला आठवड्यातले सगळे सांगते. सकाळी ती अजून पाचलाच उठते.

परवाच्या कॉलमध्ये मामेभावाने आग्रहाने सांगितले, “आत्या, औंदा यात्रेला सगळ्यांनी यायचंच. नाही म्हणायचं नाही.”

“येऊ की,” आई म्हणाली. “पण घरून जेवून येऊ.”